ताठरतेच्या तक्रारीवर उपचार कसे घ्यावेत: सीमाभागातील पुरुषांसाठी मार्गदर्शन

लिंगाला पुरेशी ताठरता न येणे, किंवा आलेली ताठरता संबंध पूर्ण होईपर्यंत न टिकणे, असे तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ वारंवार होत असेल, तर तो आजार समजावा आणि त्यावर रीतसर उपचार घ्यावेत. दिवसभराच्या कामाचा शीण, जास्त झालेली दारू किंवा घरातला वाद यांमुळे एखाद्या रात्री जमले नाही, तर ते कोणाच्याही बाबतीत घडते आणि त्यासाठी औषधाची गरज नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांची जी मोठी पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण असल्याचे आढळले होते. म्हणजे ज्याला हा त्रास आहे त्याच्या शेजारी बसलेल्या माणसालाही तो असण्याचा संभव बराच आहे. फरक इतकाच की दोघेही बोलत नाहीत.

मी निपाणी-चिकोडी भागात औषधाचे दुकान चालवतो, आणि या मार्गदर्शनामागे माझा एकच आग्रह आहे: गोळी मागण्याआधी तपासणी करून घ्यावी. हा आग्रह औपचारिकतेपोटी नाही, त्याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. मनात इच्छा निर्माण झाली की मेंदूचा संदेश मज्जातंतूंमार्फत लिंगापर्यंत पोहोचतो, तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचे द्रव्य तयार होते, त्यामुळे रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल पडतात, रक्त वेगाने आत शिरते आणि भरलेल्या भागाचा दाब पडून रक्त परत नेणाऱ्या शिरा मिटतात. या साखळीतील कोणतीही कडी कमकुवत झाली की ताठरता बिघडते. लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलीमीटर रुंद असतात, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या ३ ते ४ मिलीमीटर. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही, कारण पाण्यात क्षार असले की मुख्य पाइप वाहत असतानाच बारीक नळ्या आधी तुंबतात. म्हणूनच चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाच्या ताठरतेत हळूहळू पडलेला फरक ही पुष्कळदा हृदयविकाराची काही वर्षे आधी मिळालेली सूचना असते. ती ऐकून रक्तदाब आणि साखर तपासणारा माणूस स्वतःचा जीव वाचवू शकतो, आणि परस्पर गोळी घेऊन ती दाबून टाकणारा ही संधी गमावतो.

डॉक्टरांकडे जाण्याची तयारी

जाण्यापूर्वी एका कागदावर काही गोष्टी लिहून न्याव्यात, कारण समोर बसल्यावर जीभ अडखळते. त्रास केव्हा सुरू झाला, तो एकदम आला की हळूहळू वाढला, पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते की नाही, इच्छा शाबूत आहे की तीही कमी झाली आहे, विडी, सिगारेट, तंबाखू आणि दारू यांचे प्रमाण किती आहे, आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत, एवढे पुरे. औषधांची नावे आठवत बसण्यापेक्षा रिकाम्या पट्ट्याच खिशात घालून न्याव्यात. पहाटेची ताठरता व्यवस्थित असेल आणि त्रास केवळ पत्नीजवळ गेल्यावर होत असेल, तर कारण बहुधा मानसिक असते. ती दोन्हीकडे कमी झाली असेल तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा हार्मोन यांचा विचार करावा लागतो. एवढ्या एका उत्तराने डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

सुरुवात आपल्या नेहमीच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांकडून करावी, कारण प्राथमिक तपासणी त्यांना करता येते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रक्तदाब आणि साखर तपासून मिळते. तज्ज्ञाची गरज पडली तर मूत्रविकारतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट, यांच्याकडे जावे. बेळगावात केएलई संस्थेच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात हा विभाग आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते, अथणी-रायबाग भागातील लोक मिरजेला जातात आणि खानापूरकडील काहीजण गोव्याची वाट धरतात. गावातल्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर आपल्याच भावकीतले कोणी बसलेले असेल या भीतीने कोणी मुद्दाम दूरच्या शहरात जात असेल, तर त्यात काही गैर नाही, जाणे महत्त्वाचे. रुग्णालयातील अर्ज आणि पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी आपल्या भागातील डॉक्टरांना बहुधा मराठी समजते. तेव्हा ‘अशक्तपणा आला आहे’, ‘कंबर धरते’ असे आडवळणाने न बोलता ‘डॉक्टर, संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, सहा महिने झाले’ असे सरळ सांगावे. अशक्तपणा म्हटले की जीवनसत्त्वाची गोळी मिळते आणि मूळ तक्रार तशीच राहते.

तपासण्यांची यादी लांबलचक नसते. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन, रक्तदाब, आणि वय किंवा लक्षणे पाहून ईसीजी. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासायचे असेल तर रक्त सकाळी अकराच्या आत द्यावे, कारण दिवस चढेल तसे त्याचे प्रमाण उतरते. आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय त्यावरून निष्कर्ष काढू नये. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन गरजेप्रमाणे. लिंगातील रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी सरसकट सर्वांना लागत नाही. वीर्यतपासणीचा ताठरतेशी संबंध नाही. मूल होण्याचा प्रश्न नसताना कोणी ती आधी करायला सांगत असेल तर कारण विचारावे.

कारणावरचा उपाय

मधुमेह हे आपल्याकडचे फार मोठे कारण आहे, कारण वाढलेली साखर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू या दोघांनाही इजा करते. साखर आटोक्यात आणल्याने झालेली सगळी हानी भरून निघेलच असे नाही, पण पुढची थांबते आणि ताठरतेच्या गोळ्याही अधिक चांगल्या लागू पडतात.

तंबाखूविषयी या भागात लिहिताना हात थोडा जड होतो. निपाणीच्या तंबाखूवर किती घरे उभी राहिली हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर दिलेला लढा आजही सांगितला जातो. तरीही हे लिहिलेच पाहिजे की विडी-सिगारेटचा धूर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो, ज्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते तेच निकामी होते, आणि निकोटिन वाहिन्या आकुंचित करते. सोडायचे ठरवले तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

व्यायामाचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच अधिक आहे. घाम येईल अशा वेगाने ४० मिनिटे चालणे, आठवड्यातून चार वेळा आणि सहा महिने सलग, असे केल्यास रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे आलेल्या तक्रारीत सुधारणा दिसते, हे अभ्यासांतून पुढे आले आहे. शेतात काम करतो म्हणजे व्यायाम होतो, असे गृहीत धरू नये. ट्रॅक्टरवर बसून होणाऱ्या कामाने हृदयाची गती वाढत नाही. पोट सुटलेले असेल तर वजन उतरल्यावर टेस्टोस्टेरॉनही काही प्रमाणात वाढते.

काही औषधांमुळेही ताठरता बिघडते. रक्तदाबासाठी दिली जाणारी अॅटेनोलॉल किंवा थायाझाइड गटातील लघवी वाढवणारी औषधे, नैराश्यावरील काही गोळ्या आणि केसगळतीसाठी घेतली जाणारी फिनास्टराइड ही त्यांपैकी काही. मात्र संशय आला म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणे हा जिवावरचा खेळ आहे. डॉक्टरांना सांगितले तर पर्यायी औषध देता येते, आणि बहुतेक वेळा दिले जाते.

गोळ्या कशा घ्याव्यात

सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयविकारातील छातीदुखीसाठी अभ्यासले जात होते. त्या चाचण्यांत त्याचा हा दुसरा गुण लक्षात आला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला ताठरतेच्या तक्रारीसाठी मान्यता मिळाली. योगायोग असा की नायट्रिक ऑक्साइडच्या कार्याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिकही त्याच वर्षी मिळाले. आज सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल, अव्हानाफिल अशी या गटातील अनेक औषधे आहेत. ही सगळी एकच काम करतात: ताठरता उतरवणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, रोखून धरतात. ती इच्छा निर्माण करत नाहीत, वीर्य वाढवत नाहीत, आणि स्पर्श व जवळीक नसेल तर ताठरताही आणत नाहीत. गोळी घेऊन भिंतीकडे तोंड करून वाट पाहणाऱ्याला काहीच होत नाही, आणि मग तो म्हणतो की गोळी नकली होती.

सिल्डेनाफिल सहसा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. वय ६५ च्या वर असेल किंवा यकृत अथवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर २५ पासून, आणि कमाल मात्रा १०० असते. ती संबंधाच्या साधारण एक तास आधी, शक्यतो रिकाम्या पोटी घ्यावी, कारण तेलकट जेवणानंतर तिचा परिणाम उशिरा आणि कमी होतो. जत्रेच्या मटणाच्या जेवणावर घेतलेली गोळी लागू पडली नाही तर दोष गोळीचा नसतो. परिणाम सुमारे चार तास राहतो. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत टिकतो, म्हणून घड्याळाकडे पाहण्याचा ताण कमी होतो; ती गरजेच्या वेळी १० किंवा २० मिलिग्रॅम, किंवा रोज ५ मिलिग्रॅम अशी दोन प्रकारे देतात. मूत्राशयाखालच्या प्रॉस्टेट ग्रंथीमुळे लघवीला त्रास होणाऱ्या उतारवयातील पुरुषांना रोजची मात्रा दोन्ही कामांना उपयोगी पडते. माझे मत विचाराल तर सतत चिंता करणाऱ्या स्वभावाच्या माणसाने डॉक्टरांशी टाडालाफिलविषयी आधी बोलावे. कोणतीही गोळी २४ तासांत एकापेक्षा अधिक वेळा घेऊ नये, आणि योग्य पद्धतीने निदान सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय ती निष्फळ ठरवू नये. थोडी दारू चालते म्हणून जास्त घेतली, तर दारूच ताठरता मारते आणि रक्तदाबही उतरतो.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, जळजळ हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत आणि ते आपोआप जातात. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ निळसर दिसते आणि टाडालाफिलने पाठ भरून येते.

आता या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दुकान बंद करण्याच्या सुमारास एखादे गृहस्थ येतात, आधी डोकेदुखीची गोळी मागतात, बाकीची गिऱ्हाइके पांगली की काउंटरवर वाकून हळूच विचारतात, ‘अण्णा, ती पॉवरची गोळी असेल काय?’ मी त्यांना चालू औषधे विचारतो. पुष्कळदा सदऱ्याच्या खिशातून साखरेच्या गोळ्यांची पट्टी निघते, आणि तिच्या मागून क्वचित दुसरी, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची. त्या दुसऱ्या पट्टीत नायट्रेट असते. सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट यांपैकी काहीही, किंवा निकोरँडिल, जो घेतो त्याने सिल्डेनाफिल-टाडालाफिलच्या गटातील कोणतीही गोळी कधीही घेऊ नये. दोन्ही औषधे एकत्र आली की रक्तदाब इतका कोसळतो की मृत्यू ओढवू शकतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी: सिल्डेनाफिल घेतल्यावर छातीत दुखू लागले तर २४ तास, आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास, नायट्रेट देता येत नाही. म्हणून अशा वेळी रुग्णालयात पोहोचताच लाज बाजूला ठेवून गोळी केव्हा घेतली ते सांगावे. पत्नीलाही गोळीची माहिती असावी, ती यासाठी. बेशुद्ध माणूस स्वतः काही सांगू शकत नाही. प्रॉस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांना चक्कर येऊ शकते, त्यांच्यासाठी मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञाच्या परवानगीशिवाय हा विचारही करू नये.

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही. बिल घ्यावे, पट्टीवरची मुदत पाहावी. ब्रँड महाग असेल तर त्याच औषधाची नामांकित कंपनीची स्वस्त जेनेरिक गोळी मागावी, घटक तोच असतो.

कारण मनात असेल तर

नवीन लग्न झालेल्या मुलांची तक्रार बहुधा वेगळी असते. एकत्र कुटुंबाचे घर, पातळ भिंत, पहिल्या रात्री जमले नाही, आणि मग दर रात्री ‘आज जमेल का’ हीच भीती. या भीतीने शरीरात स्रवणारे अॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळते आणि भीती खरी ठरते. त्यात हस्तमैथुनाने किंवा स्वप्नावस्थेने धातू गेला आणि कमजोरी आली, असा समज लहानपणापासून कानावर पडलेला असतो. हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. वीर्य शरीरात सतत तयार होते आणि त्याच्या जाण्याने ताठरता कमी होत नाही.

यावरचा शास्त्रीय उपाय साधा, पण दोघांनी मिळून करायचा आहे. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ काही आठवडे संबंधाचा प्रयत्नच करू नका असे सांगतात आणि तेवढ्या काळात केवळ स्पर्श, जवळीक, संवाद यांचे टप्प्याटप्प्याने सराव देतात. परीक्षाच रद्द झाली की भीती उतरते. सोबत थोड्या काळासाठी कमी मात्रेची गोळी दिली तरी चालते. नैराश्य, झोप न लागणे किंवा जीव नकोसा होणे असे काही असेल तर १४४१६ या टेलिमानस मदतवाहिनीवर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांचा पर्याय आहे. पत्नीशी बोलण्याला मात्र दुसरा पर्याय नाही. नवरा टाळू लागला की तिला वाटते आपल्यातच काही कमी आहे, किंवा त्याचे बाहेर काही चालले आहे. दोन वाक्यांत खरे सांगितले तर दोघांचे ओझे हलके होते.

गोळ्या लागू पडत नसतील तर

निर्वात पंप, ज्याला व्हॅक्यूम पंप म्हणतात, ही प्लास्टिकची नळी असते. हवा काढून लिंगात रक्त ओढले जाते आणि मुळाशी रबरी कडी चढवून ते धरून ठेवले जाते. कडी ३० मिनिटांपेक्षा अधिक वेळ ठेवू नये. ज्यांना नायट्रेटमुळे गोळ्या चालत नाहीत अशांसाठी हा चांगला मार्ग आहे, पण रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी विचारावे. दुसरा मार्ग अल्प्रोस्टॅडिल किंवा पॅपाव्हरिन यांसारख्या औषधाच्या इंजेक्शनचा. बारीक सुईने लिंगाच्या बाजूला स्वतः टोचायचे असते, परिणाम ५ ते २० मिनिटांत दिसतो, आणि पहिली मात्रा दवाखान्यातच देऊन मोजावी लागते. ऐकून अंगावर काटा येतो, पण मधुमेहाने मज्जातंतू निकामी झालेल्यांना आणि प्रॉस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना याचा उपयोग होतो.

हे सगळे करूनही भागले नाही तर शस्त्रक्रियेने कृत्रिम दांड्या बसवता येतात, एक वाकवता येणारा प्रकार आणि दुसरा अंडकोशातील छोट्या पंपाने फुगवता येणारा. खर्च बराच असतो, जंतुसंसर्गाचा धोका असतो, साखर आधी आटोक्यात आणावी लागते, आणि एकदा बसवल्यावर नैसर्गिक ताठरता परत येत नाही. तरीही ज्यांनी विचारपूर्वक ती करून घेतली त्यांच्यात आणि त्यांच्या पत्नींमध्ये समाधानाचे प्रमाण चांगले आढळते.

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने फक्त सिद्ध झालेल्या कमतरतेसाठी आहेत. मूल हवे असणाऱ्याने ती घेऊ नयेत, कारण त्यांनी शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी थांबतेही. शॉकवेव्ह, म्हणजे लिंगावर ध्वनिलहरी सोडण्याच्या, उपचारांचा पुरावा अजून पक्का नाही आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला भाग) किंवा स्टेम सेलची (मूळपेशींची) इंजेक्शने प्रयोगाच्याच पातळीवर आहेत. त्यांच्यासाठी कर्ज काढू नये.

भिंतीवरच्या जाहिराती

बसस्थानकाच्या मागे, महामार्गाकडेच्या तंबूवर, मोबाइलवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ असे लिहिलेले दिसते. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, म्हणजे अशी जाहिरात देणारा पहिल्याच पायरीवर कायदा मोडत असतो. त्याच्या ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पुडीने खरोखर गुण आला, तर तिच्यात सिल्डेनाफिल मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. अशी भेसळ जगभर पुन्हा पुन्हा पकडली गेली आहे. मात्रा किती हे कोणालाच ठाऊक नसते, आणि हृदयरोग्याने ती नायट्रेटबरोबर घेतली तर काय होईल ते वर लिहिले आहे. अज्ञात भस्मांत शिसे आणि पारा असू शकतो. आयुर्वेदावर विश्वास असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे जावे, चालू औषधे दाखवावीत आणि साखर-रक्तदाबाची तपासणी तरीही करून घ्यावी.

कोणत्याही उपचारानंतर ताठरता चार तासांहून अधिक टिकली, मग ती दुखत असो वा नसो, तर ती तातडीची अवस्था असते. सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे, कारण उशिराने लिंगाच्या पेशी कायमच्या मरतात. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले, तरीही तसेच करावे आणि गोळी पुन्हा घेऊ नये. असे काही झाले नाही तर साधारण तीन महिन्यांनी नवा एचबीएवनसी अहवाल, रक्तदाबाची नोंद आणि गोळी किती वेळा, कशी घेतली व किती वेळा लागू पडली याचा कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जावे, म्हणजे मात्रा वाढवायची, औषध बदलायचे की पुढचा मार्ग धरायचा हे त्यांना ठरवता येते.